आकडा पंचेचाळीसचा, जोड नव्वदीचा: चालू पॅनेलमधल्या तापमान मोजणीचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

एका कारखान्यातला ७५ किलोवॅटचा ब्लोअर, म्हणजे हवा ढकलणारा मोठा पंखा. ड्राइव्हवर (मोटरचा वेग कमी-जास्त करणाऱ्या यंत्रावर) चालणारा, दिवसभर जवळपास एकाच वेगात. मुख्य पॅनेलमधल्या ब्रेकरपासून ड्राइव्हपर्यंत ७० चौरस मिमीच्या, पीव्हीसी इन्सुलेशनच्या तांब्याच्या केबल, आर, वाय आणि बी या तीन फेजांना एकेक. ब्रेकरच्या बाजूला प्रत्येक केबलला टिनचा मुलामा दिलेला लग (केबलच्या टोकाचा धातूचा तुकडा) क्रिम्प केलेला, म्हणजे दाबून बसवलेला, आणि तो बोल्टने टर्मिनलवर बसवलेला. टर्मिनलांपुढे पारदर्शक पॉलिकार्बोनेटचा शिल्ड. पूर्ण भाराला १३० अँपिअर, रोजच्या चालीत ११०.

यात तीन माणसं आहेत: इलेक्ट्रिकल सुपरवायझर, त्याच्या हाताखालचा तरुण इलेक्ट्रिशियन आणि प्रॉडक्शन मॅनेजर. हाताशी उपकरणं दोनच होती. एक साधी आयआर (अवरक्त किरणांवर चालणारी) टेम्परेचर गन, इमिसिव्हिटी (पृष्ठभाग किती किरण सोडतो याचं प्रमाण) ०.९५ वर कायमची बांधलेली, अंतर आणि ठिपक्याचं प्रमाण १२:१. दुसरा मल्टिमीटर, ज्याच्याबरोबर मण्यासारख्या टोकाचा के-टाइप थर्मोकपल, म्हणजे टोकाने तापमान मोजणारी तार, मिळतो तो.

ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. क्रम आणि आकडे नोंदवहीतले आहेत.

तक्रार आणि पहिले आकडे

सकाळच्या शिफ्टला पॅनेलजवळ तापलेल्या प्लॅस्टिकचा वास आला. इलेक्ट्रिशियनने दार उघडलं आणि गन रोखली. आर फेज ३९, वाय ४०, बी ३९. पॅनेलमधली हवाच ३८ अंशांची होती. म्हणजे ११० अँपिअर वाहणारा जोड हवेपेक्षा जेमतेम एक अंशाने गरम! त्यालाही हे पटलं नाही, हे त्याचं कौतुक. त्याच्या लक्षात आलं की गन शिल्डमधून मारली जातेय. डोळ्यांना पॉलिकार्बोनेटच्या आरपार दिसतं, पण ८ ते १४ मायक्रॉनच्या ज्या पट्ट्यात ही गन पाहते, तिथे तो पत्रा भिंतीसारखा अपारदर्शक असतो. काच आणि अ‍ॅक्रिलिकचंही तसंच. गनने लगचं नव्हे, शिल्डचं तापमान सांगितलं होतं.

मग त्याने शिल्ड काढला. पॅनेल चालू, तिन्ही फेज जिवंत, हातात साधा स्क्रूड्रायव्हर. या सगळ्या प्रकरणातला सर्वांत धोक्याचा क्षण हाच होता आणि त्या दिवशी कुणालाही तो तसा वाटला नाही. स्क्रू खाली पडला असता, शिल्ड तिरका होऊन त्याच्यासोबत एखादी पट्टी ओढली गेली असती, तर पुढचा सगळा मजकूर तापमानाचा नव्हे, आर्क फ्लॅशचा, म्हणजे विजेच्या ठिणगीने होणाऱ्या भडक्याचा झाला असता.

शिल्ड काढल्यावरचे आकडे: आर ४०, वाय ४५, बी ४०.

“साहेब, वाय थोडा जास्त आहे, पण पंचेचाळीसच. चालेल.”

सुपरवायझरने आत डोकावून पाहिलं. वाय फेजच्या लगला लागून असलेलं इन्सुलेशन काठाला तपकिरी पडलं होतं आणि किंचित मागे सरकलं होतं. पंचेचाळीस अंशांना पीव्हीसी असं होत नाही. आकडा एक सांगत होता, केबल दुसरं, आणि त्याने केबलवर विश्वास ठेवला.

आकडा इतका खोटा कसा

आयआर गन तापमान मोजत नाही. पृष्ठभागाकडून येणारे अवरक्त किरण मोजते आणि त्यावरून तापमानाचा हिशेब मांडते. काळं इन्सुलेशन, रंग, जुनं ऑक्साइड चढलेलं तांबं हे किरण भरपूर सोडतात. टिनचा चकचकीत मुलामा मात्र आरसा असतो: त्याची इमिसिव्हिटी ०.१ च्या आसपास किंवा त्याहूनही कमी. गनपर्यंत पोचणाऱ्या किरणांत लगचा वाटा थोडासा आणि समोरच्या दाराच्या, भिंतीच्या, गन धरणाऱ्या माणसाच्या प्रतिबिंबाचा वाटा बहुतेक सगळा.

हिशेब करून पाहा. लग खरोखर ९५ अंशांचा आहे, आजूबाजूला ३८ आहेत आणि गन ०.९५ धरून बसली आहे. तर ती दाखवेल साधारण ४५. लग ५५ अंशांचा असेल तर दाखवेल ४०. खऱ्यातला चाळीस अंशांचा फरक पडद्यावर पाच अंशांचा होतो. सकाळचे आकडे नेमके हेच होते, पण हे गणित त्या वेळी कुणी मांडलेलं नव्हतं.

“मग गनची इमिसिव्हिटी ०.१ वर आणायची,” असं कुणीतरी नेहमी म्हणतं. ही गन तशी बदलता येणारी नव्हती, पण असती तरी उपयोग बेताचा. इतक्या खालच्या आकड्यावर थोडीशी चूक प्रचंड वाढते. खरी इमिसिव्हिटी ०.१५ असताना गन ०.१ वर ठेवली, तर ९५ अंशांचा लग ११५ च्या पुढे दिसतो. मुलामा कुठे घासलेला, कुठे काळवंडलेला, कुठे बोटांचे ठसे. एका लगवरच तीन वेगवेगळे आकडे लागू पडतात. चकचकीत धातूवर सेटिंग बदलत बसण्यापेक्षा पृष्ठभाग बदलणं सोपं.

यात अंतराचा दोष वेगळा. १२:१ म्हणजे ६० सेंटिमीटरवरून ठिपका ५ सेंटिमीटरचा. लगची पट्टी अडीच सेंटिमीटर रुंद. उरलेला ठिपका शेजारच्या हवेतल्या गार पत्र्यावर सांडतो. आणि लेझरचा लाल टिंब म्हणजे मोजणीचा ठिपका नव्हे. तो फक्त नेम दाखवतो, तोही जवळून थोडा चुकलेला. लगएवढाच ठिपका हवा असेल तर ३० सेंटिमीटरवर जावं लागतं. म्हणजे गनच्या मर्यादा माणसाला आपसूक जिवंत भागाजवळ ओढतात.

हातातला प्रोब

गनवर भरवसा नाही म्हटल्यावर इलेक्ट्रिशियनने मल्टिमीटरचा थर्मोकपल काढला. लगला टेकवून बघतो, म्हणाला. सुपरवायझरचं उत्तर दोन शब्दांचं होतं: “थांब. ठेव.”

ही सवय फार ठिकाणी आहे, म्हणून इथे जरा रेंगाळतो. मल्टिमीटरवर ६०० व्होल्ट छापलेलं असतं आणि थर्मोकपल त्याच मल्टिमीटरला लागतो, तेव्हा तोही ६०० व्होल्टला चालत असणार, असा समज होतो. छापलेला आकडा मीटरच्या आणि त्याच्या टेस्ट लीडच्या इन्सुलेशनचा असतो. थर्मोकपलचं टोक उघडा धातू. तार केसासारखी, तिच्यावरचं आवरण उष्णतेसाठी दिलेलं, मेन्सच्या व्होल्टेजसाठी नव्हे. मीटरला जोडणाऱ्या अडॅप्टरच्या पिना बऱ्याचदा उघड्या. टोक लगला लागलं की ती तार, त्या पिना आणि मीटरचं इनपुट सगळं फेजच्या व्होल्टेजला येतं. हातातून निसटलेली मोकळी तार दोन फेजांवर पडली, तर ती क्षणात वाफ होते आणि त्या वाफेतून आर्क पेटतो.

एवढं करून आकडाही बरोबर मिळत नाही, ही गंमत. मण्यासारखं टोक सपाट धातूला एका बिंदूत टेकतं, बाकी सगळा मणी हवेत. तारेतून उष्णता मागे वाहून जाते. आकडा खऱ्याच्या खाली राहतो आणि किती खाली हे हाताच्या दाबावर ठरतं. के-टाइप थर्मोकपल अंशाला सुमारे ४१ मायक्रोव्होल्ट देतो. जिवंत लगला टेकलेल्या तारेवर तेवढा इवला संकेत शोधायचा, तर मीटर भलतंच काहीतरी दाखवू शकतो.

बोट किंवा तळहाताची मागची बाजू जवळ नेऊन अंदाज घेण्याची पद्धत अजून जुनी. तिच्याबद्दल एवढंच: उघड्या धातूवर ६५ ते ७० अंशांना सेकंदभराच्या स्पर्शाने कातडी भाजते, आणि इथे भाजणं ही दुय्यम भीती होती.

समोर असलेले पर्याय

सुपरवायझरने पॅनेलचं दार लावून घेतलं आणि मग विचार केला. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. उघड्या दारासमोर उभं राहून घेतलेले निर्णय घाईचे असतात.

पहिला पर्याय ताबडतोब बंद करण्याचा. सर्वांत सुरक्षित, पण मॅनेजर पुरावा मागत होता आणि त्याच्याकडे पुरावा म्हणून ४५ हाच आकडा होता.

दुसरा, काही न करता शटडाऊनपर्यंत थांबणं. तपकिरी इन्सुलेशन पाहिल्यावर तो बाद.

तिसरा, दुसऱ्या विभागातून थर्मल कॅमेरा मागवणं. मिळणार होता, पण दुपारी.

चौथा, थोडा वेळ बंद करून तिन्ही केबलवर थर्मोकपल चिकटवायचे, तारा बाहेर काढायच्या आणि दार लावून लॉगरवर (आकडे आपोआप नोंदणाऱ्या यंत्रावर) वाचायचं. ऐकायला सुंदर. पण त्यांच्याकडचा लॉगर साधा होता, त्याची चॅनेल एकमेकांपासून विलग नव्हती. एका फेजचं इन्सुलेशन आधीच भाजलेलं. तिथला थर्मोकपल तांब्यापर्यंत पोचला, तर लॉगरचा ग्राउंड फेजला जातो. दोन फेजांवर तसं झालं, तर लॉगरच्या आतून फेज ते फेज शॉर्ट. हे काम करायचं तर प्रत्येक चॅनेल पुरेशा व्होल्टेजला विलग असलेला लॉगर लागतो, नाहीतर काचेच्या तंतूचा फायबर-ऑप्टिक प्रोब, ज्यात वीज वाहून नेणारं काहीच नसतं. ट्रान्सफॉर्मरच्या वाइंडिंगमध्ये तो त्यासाठीच वापरतात. दोन्ही नव्हते.

पाचवा पर्याय त्याला दार लावल्यावर सुचला: लगकडे बघायचंच नाही. लगच्या खाली, शिल्डच्या कक्षेबाहेर, केबलचं काळं इन्सुलेशन उघडं दिसत होतं. त्याची इमिसिव्हिटी गनमधल्या ०.९५ च्या अगदी जवळ. तांबं उष्णता उत्तम वाहून नेतं, त्यामुळे लग तापला की लगतच्या केबलमध्ये ती उतरतेच. हे मोजायला शिल्ड काढायची गरज पहिल्यापासून नव्हती.

निर्णय: किती अचूक पुरे

योग्य कपडे, चेहऱ्यावर आर्क शिल्ड, हातमोजे, बाजूला दुसरा माणूस. दार उघडलं, ६० सेंटिमीटरवरून तिन्ही केबलांवर गन धरली, दार लावलं. काढलेला पॉलिकार्बोनेटचा शिल्ड परत बसवायचा मोह झाला होता. पण चालू पॅनेलमध्ये तो बसवणं काढण्याइतकंच धोक्याचं, म्हणून दाराला कुलूप घालून तो बाहेरच ठेवला.

आकडे: आर ४७, वाय ६३, बी ४७.

केबल १४ मिमी जाडीची आणि ठिपका ५० मिमीचा. म्हणजे हे आकडेही बरोबर नव्हते. पण चूक कोणत्या बाजूची हे माहीत होतं. ठिपक्यात केबलशिवाय जे काही आलं, ते केबलपेक्षा गार होतं. तेव्हा ६३ ही खालची मर्यादा. खरं इन्सुलेशन ६३ किंवा त्याहून जास्त. शिवाय ठिपक्याची चूक तिन्ही फेजांवर सारखीच, म्हणून फरक तरी खरा, उलट दबलेला. चूक किती हे कळत नसलं तरी तिची दिशा ठाऊक असेल, तर चुकीच्या आकड्यावरूनही निर्णय घेता येतो. या प्रकरणात माझ्या लेखी सर्वांत चांगलं झालेलं काम ते हेच.

पुढचा हिशेब कागदावर झाला. हवेपेक्षा वाढ २५ अंश, ११० अँपिअरला. जोडाची तापमानवाढ प्रवाहाच्या साधारण १.६ ते २ या घातात चढते. १३० अँपिअरला ती ३३ ते ३५ होणार, म्हणजे इन्सुलेशन कमीत कमी ७१ ते ७३. पीव्हीसीची कायम चालीची मर्यादा ७०. आणि सारख्या भाराच्या सारख्या जोडांत १६ अंशांचा फरक. नेटा (NETA) या विद्युत चाचणी संस्थेच्या तपासणी तक्त्यात १५ च्या वरचा फरक तातडीच्या दुरुस्तीत मोडतो.

मॅनेजरला लगचं तापमान सांगितलंच नाही. “साहेब, वाय फेजची केबल बाकीच्या दोघींपेक्षा निदान सोळा अंशांनी गरम आहे आणि पूर्ण भार आला तर इन्सुलेशन मर्यादेबाहेर जातं.” एवढ्यावर जेवणाच्या सुट्टीत तासाभराचा शटडाऊन मिळाला.

पहिला शटडाऊन

ब्रेकर बंद, कुलूप, टॅग. व्होल्टेज टेस्टर आधी चालू सॉकेटवर तपासला, मग तिन्ही फेजांवर, मग पुन्हा त्याच सॉकेटवर. ड्राइव्हच्या आतल्या कपॅसिटरमध्ये साठलेलं व्होल्टेज उतरायला त्याच्या लेबलवर दिलेली मिनिटं थांबले. टॉर्क रेंच लावला तर वाय फेजचा बोल्ट पक्का. जोडाच्या पृष्ठभागावर काही नाही. ढिला बोल्ट सापडेल या अपेक्षेने सगळे जमले होते. त्यांची निराशाच झाली.

इथे दुसरा निर्णय आला. बोल्ट आणखी आवळून “झालं” म्हणायचं का? सुपरवायझरने नकार दिला. बोल्ट घट्ट असेल तर उष्णता दुसरीकडून येतेय, आणि उरलेली एकच जागा म्हणजे क्रिम्प. पण योग्य मापाचा लग आणि डाय (लग दाबायचा साचा) संध्याकाळशिवाय मिळणार नव्हती.

मॅनेजरला ब्लोअर पूर्ण बंद ठेवायचा नव्हता. ठरलं असं: वेग नव्वद टक्क्यांवर आणायचा. पंख्याची शक्ती वेगाच्या घनात उतरते, त्यामुळे प्रवाह ८० अँपिअरच्या आसपास येतो आणि जोडातली उष्णता जवळपास निम्मी होते. दर तासाला इन्सुलेशन पाहायचं, ६५ दिसले की बंद.

आणि पॅनेल मेलेलं आहे तोवर मोजणीची तयारी करून घेतली. तिन्ही लगच्या सपाट पट्टीवर काळ्या विनाइल इलेक्ट्रिकल टेपचा एकेक तुकडा, हवेचे बुडबुडे न ठेवता घट्ट दाबून बसवलेला. टेप पातळ असल्याने लगच्याच तापमानाला येतो आणि त्याची इमिसिव्हिटी ०.९५ च्या जवळ असते. वाय लगची अर्धी पट्टी मुद्दाम उघडी ठेवली. टेपची स्वतःची मर्यादा तपासली; विनाइल टेप ब्रँडप्रमाणे ८० ते १०५ अंशांपर्यंत चालतो, त्याच्या वर मॅट काळा उष्णतारोधक रंग बरा. धातूची भुकटी असलेला रंग मात्र नको.

कॅमेरा आल्यावर

दुपारी कॅमेरा आला. ३२० बाय २४० पिक्सेल, २४ अंशांची लेन्स. मीटरभरावरून त्याचा एक पिक्सेल १.३ मिमीचा, भरवशाच्या आकड्याला तीन बाय तीन पिक्सेल धरले तरी ४ मिमी. गनला जे तीस सेंटिमीटरवरून जमत नव्हतं, ते याला मीटरवरून जमत होतं. सुरक्षिततेच्या दृष्टीने कॅमेऱ्याचं मोल चित्रात नाही, या अंतरात आहे.

ब्लोअर तासाभराहून जास्त ८० अँपिअरवर स्थिर होता. दार उघडल्यावर वाऱ्याने आकडे उतरू लागतात, म्हणून पहिल्याच मिनिटात वाचन घेतलं. टेपवर: आर ४७, वाय ६८, बी ४६. वायच्या केबलवर ५८. आणि त्याच वाय लगच्या उघड्या, चकचकीत अर्ध्या भागावर ४१.

एकच धातूचा तुकडा, एका बाजूला ६८ आणि दुसऱ्या बाजूला ४१. इलेक्ट्रिशियन बराच वेळ ते चित्र पाहत होता. इमिसिव्हिटीवर कितीही बोललं असतं तरी त्याला ते इतकं कळलं नसतं.

६८ वरून सकाळचा लग किती गरम होता याचा हिशेब निघतो. ३० अंशांची वाढ ८० अँपिअरला, तर ११० ला ५० ते ५७. म्हणजे ८८ ते ९५ अंश. गनने दाखवलेले ४५ आठवा.

इथे एक गोष्ट नोंदवायला हवी, कारण ती वादाचा मुद्दा झाली. आयईसी ६०९४७-१ या आंतरराष्ट्रीय मानकात टिनचा मुलामा असलेल्या टर्मिनलला ६५ केल्व्हिनपर्यंत, म्हणजे तेवढ्याच अंशांची, वाढ मान्य आहे. सकाळची वाढ, ५७ धरली तरी, त्याच्या आत बसते. मॅनेजरने हाच प्रश्न विचारला, आणि प्रश्न रास्त होता. उत्तर असं की ती मर्यादा प्रयोगशाळेतल्या प्रकार-चाचणीची, टर्मिनलसाठीची आहे. त्याला चिकटलेल्या पीव्हीसीला ती कळत नाही. आणि शेजारचा जुळा जोड १७ अंशांच्या वाढीवर चालत असताना याला पन्नासहून अधिक का लागतात, याचं उत्तर कोणत्याही मर्यादेत नसतं.

संध्याकाळी सापडलेलं कारण

पुन्हा बंद, कुलूप, तपासणी, कपॅसिटरची वाट. ड्राइव्हकडची टोकं सोडवून आर आणि वाय एकमेकींना जोडल्या आणि ब्रेकरच्या बाजूने, लग सोडवून, बेंच सप्लायने २० अँपिअर डीसी सोडला. लगची पट्टी आणि केबलवर पाच सेंटिमीटर खाली, इन्सुलेशनमधून टोचलेली सुई, यांच्यामध्ये मल्टिमीटर मिलिव्होल्टवर. आर फेजला ०.८ मिलिव्होल्ट. वायला १८.

म्हणजे ४० मायक्रोओहम आणि ९०० मायक्रोओहम. त्यातले तेरा-चौदा तर पाच सेंटिमीटर तांब्याचेच. ११० अँपिअरला वायच्या क्रिम्पमध्ये जवळपास ११ वॅट जळत होते, आरमध्ये अर्धा वॅट.

लग कापला. ९५ चौरस मिमीचा लग ७० च्या केबलवर चढवलेला, मोठ्या डायने दाबलेला. आत तारांमध्ये पोकळी, कडेच्या तारा काळ्या-तपकिरी. बाकीचे दोन्ही लगही ९५ चेच निघाले. ते अजून टिकून होते इतकंच. तिन्ही बदलले, योग्य मापाचे लग, षटकोनी डाय. वायचा मिलिव्होल्ट आकडा ०.५ वर आला.

ब्लोअर पुन्हा ११० अँपिअरवर. तासाभराहून अधिक थांबून टेपवर पाहिलं: आर ५४, वाय ५६, बी ५५.

वेगळं काय करता आलं असतं

शिल्डबद्दल बोलून झालं. त्या पॅनेलवर नंतर दारालाच “चालू असताना शिल्ड काढू नये” अशी पाटी लागली. पाटीने फार काही होत नाही, माणसाला दुसरा रस्ता द्यावा लागतो. तो दिला गेला: नव्या शिल्डला प्रत्येक लगसमोर १० मिमीचं भोक. बोट जात नाही, पण मीटरवरून ४ मिमीचा ठिपका आरामात आत जातो आणि टेपच्या तुकड्यावर पडतो.

दुपारचा निर्णय मला पटलेला नाही. ८० अँपिअरवर चालवताना आकडे ठीक होते, मोजणीही नीट झाली. पण शिल्ड बाहेर होता आणि दर तासाला कुणीतरी दार उघडत होतं. बिघडलेला क्रिम्प कालच्या वेगानेच बिघडेल याची हमी नसते. तापला की ऑक्साइड वाढतं, ऑक्साइड वाढलं की तापतो. शटडाऊनच्या त्या तासात शिल्डला भोकं पाडून तो परत बसवणं शक्य होतं. किंवा मॅनेजरला सरळ “संध्याकाळपर्यंत बंद” म्हणता आलं असतं. तासाच्या फेऱ्यांमुळे जोडावर नजर राहिली, हे खरं. मात्र प्रत्येक फेरीत एक माणूस उघड्या ४१५ व्होल्टसमोर उभा राहिला, आणि त्या फेऱ्यांपैकी निर्णय बदलणारी एकही नव्हती.

लगवर न पुसणाऱ्या तापमान पट्ट्या चिकटवता आल्या असत्या. ठरावीक अंश ओलांडला की त्यातला चौकोन कायमचा काळा होतो, नंतर बंद पॅनेलमध्ये वाचता येतो. अशा ठिकाणी त्यांचा उपयोग कॅमेऱ्याहून जास्त होतो, कारण कुणी बघत नसतानाचा कमाल आकडा त्या धरून ठेवतात. त्या दिवशी त्या स्टोअरमध्ये नव्हत्या.

दाराला अवरक्त खिडकी बसवण्याचाही विचार झाला आणि पुढे एक बसलीही. तिच्याबरोबर नवा घोळ आला. खिडकी सगळे किरण आत-बाहेर सोडत नाही, त्यामुळे कॅमेऱ्यात तिची पारगम्यता भरावी लागते. पहिल्या फेरीत ती भरली गेली नाही आणि सगळे जोड अचानक गार दिसू लागले. आता खिडकीच्या चौकटीवरच तो आकडा रंगवलेला आहे.

हे लग बसवणाऱ्या ठेकेदारानेच बसवलेले आणखी फीडर (दुसऱ्या यंत्रांकडे जाणाऱ्या लाइनी) त्या पॅनेलमध्ये होते. लग चकचकीत, शिल्ड जागेवर, म्हणून केबलच्या इन्सुलेशनवरून फेजाफेजांची तुलना केली. त्यातल्या एकात बी फेज बाकीच्यांपेक्षा नऊ अंशांनी वर आहे. तिथेही ९५ चा लग आहे की नाही, हे पुढच्या शटडाऊनमध्ये मिलिव्होल्ट लावून पाहायचं ठरलं आहे. तोवर त्या फीडरवरचा भार वाढवायचा नाही, असं नोंदवहीत लिहून सही घेतली आहे.